थंडा स्टार्ट

१८ नोव्हेंबर २०२४

आज मशीन आली. ट्रेलरवर बसवलेला पिवळा जनरेटर. ट्रेलरसकट शेडमध्ये घेता घेता दुपार झाली. आमच्या वर्कशॉपात आजवर राइस मिलचे, लग्नाच्या लॉनचे, मोबाइल टॉवरचे जनरेटर आले. हा अणुवीज केंद्राचा आहे. मालक कमलेशभाऊंनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "हे मशीन पास झाली तर अजून येतीन. नाही झाली तर बसा जिंदगीभर लॉनवाल्याईच्या शिव्या खात."

केंद्राकडून तपासणीसाठी रक्षा मॅडम आल्या आहेत. केंद्र उत्तरेकडे आहे, तिथे आपल्यापेक्षा जास्त थंडी असते. वीज बनवणाऱ्या केंद्राला बाहेरची वीज कशाला लागते, असं मी विचारलं. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, अणुभट्टी बंद केली तरी आतून तापत राहते, तिच्यात पाणी फिरवत राहावं लागतं. बाहेरची वीज गेली तर केंद्राचे मोठे जनरेटर आहेत. तेही बंद पडले तर हा ट्रेलर.

"आन् हा बी नाही चालला तर?" आमच्या सगळ्यात जुन्या मेकॅनिकनं, सुखरामकाकांनी विचारलं.

"यानंतर काही नाही," मॅडम म्हणाल्या.

घरी येताना कारध्याच्या पुलावर सायकल थांबवून उभा राहिलो. ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं.

२० नोव्हेंबर

मॅडमनी चाचणी समजावली. मशीन शंभर वेळा सुरू करायची, शंभरपैकी एकदाही चुकायला नको. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा सकाळचा पहिला. रात्रभर उभी असलेली मशीन, काही न करता, बटण दाबताच सुरू व्हायला हवी आणि लगेच लोड घ्यायला हवा. याला सगळे थंडा स्टार्ट म्हणतात. त्यासाठी मशीनला एक हीटर आहे. तो इंजिनातलं पाणी दिवसरात्र कोमट ठेवतो, म्हणजे वीज कधीही गेली तरी इंजिन तयार. हीटर सुखरामकाकांनी बसवला.

रोजचा अहवाल मी लिहायचा. आयटीआय दुसऱ्या वर्षी सुटली, पण लिहिण्यात माझ्या चुका नसतात म्हणून भाऊंनी मला निवडलं. मॅडमनी नमुना दिला. त्यात पहिलाच प्रश्न आहे, स्टार्टच्या आधी इंजिन कोमट आहे का. काका म्हणाले, "ते माह्याकडे. मी हात ठेवीन, तू लिहिजो."

मॅडम म्हणाल्या, थर्मामीटर लावा. काकांनी तळहात दाखवला. "मॅडम, हा बी थर्मामीटरच आहे. फक्त याले सेल लागत नाही."

मॅडमना हसू आलं. त्या परवा परत गेल्या की शेवटच्या दिवसांतच येणार. मला वाटतं थर्मामीटर आणायला हवा. पण काकांनीच मला इथे लावलं. त्यांच्यासमोर मी काय बोलणार.

२३ नोव्हेंबर

आज आमच्याआमच्यात एक स्टार्ट करून पाहिला, हिशेबात न धरता. बटण दाबल्यावर मशीन खोकत राहिली, पांढरा धूर सोडला, आणि बऱ्याच वेळाने धरली. लोड घ्यायच्या आत पुन्हा बसली. भाऊंचा चेहरा पाहवत नव्हता.

काकांनी इंजिनाच्या ब्लॉकवर हात ठेवला. "थंडी पडली हे. हीटरचं कनेक्शन ढिलं असन." संध्याकाळपर्यंत ते आत हात घालून बसले होते. तारा काढल्या, घासल्या, पुन्हा कसल्या. जाताना म्हणाले, "आता पकडते. सोमवारी पाहाजो."

सोमवारपासून खरे स्टार्ट मोजायचे. मला जेवण गेलं नाही. पहिल्याच दिवशी चुकली तर भाऊ काकांना बोलतील. आणि त्याहून मोठी गोष्ट मी मनात आणत नाही, ती तापत राहणारी भट्टी.

२४ नोव्हेंबर, रविवार

बाबांबरोबर बोडीवर, शेताजवळच्या छोट्या तळ्यावर गेलो. रब्बीसाठी पाणी काढायचं होतं. आमचं डिझेल इंजिन जुनं आहे. थंडीत ते आपणहून कधीच सुरू होत नाही. बाबांनी नेहमीसारखं केलं. घमेल्यात विस्तव घेऊन इंजिनाखाली सरकवला, वरून आजीची गोधडी टाकली आणि बीडी पेटवून बसले. इंजिन एका हिसक्यात सुरू झालं.

"त्याले बी थंडी वाजते," बाबा म्हणाले. "उगाच मारलं त उठते का कोनी?"

मॅडम म्हणाल्या होत्या, काही न करता. मी खूप विचार केला. काही न करता म्हणजे नट-बोल्ट, डिझेल, बॅटरी यांना हात लावायचा नाही. मशीनला ऊब देणं म्हणजे तिला काही करणं नाही. आपण ढोरांवर पोतं टाकतो तेव्हा त्यांना काही करत नाही.

२५ नोव्हेंबर

अंधारात निघालो. गोधडी कशाला, असं बाबांनी विचारलं, तेव्हा विस्तवाचं सांगितलं. चौकीदार शेकोटी करून बसला होता, त्याच्याकडूनच विस्तव घेतला. तेलाच्या चेंबरखाली घमेलं सरकवलं, ब्लॉकवर आजीची गोधडी घातली. डिझेलच्या नळीपासून दूर आहे ना, हे पुन्हा पुन्हा पाहिलं. माणसं यायच्या आत सगळं उचललं.

काका आले, हात ठेवला. डोळे मिटले. मग हसले. "कोमट हाय. लिही. सांगतलं होतं नं, कनेक्शनच होतं."

भाऊंनी बटण दाबलं. मशीन लगेच धरली, लोड घेतला. भाऊंनी काकांच्या पाठीवर थाप मारली. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: इंजिन कोमट. हीटर चालू.

हीटरची नळी मात्र मी विस्तव ठेवायच्या आधी चाचपली होती, गार लागली. ती बाहेरून गारच राहत असेल.

३ डिसेंबर

रोज पास. रोज विस्तव. एकदा न ठेवता पाहावं असं काल मनात आलं. पण काल थंडी फार होती. आणि चुकली तर?

काका खुशीत आहेत. चहा पिताना सगळ्यांना सांगतात, "लोक म्हनतेत सुखरामचे डोये गेले. गेले त गेले. हात त हाय."

९ डिसेंबर

आज भाऊ लवकर आले आणि मी गोधडी काढत होतो. जीवच गेला.

"हे काय, लेकरू आहे का ते?"

मी म्हणालो, थंडी आहे भाऊ, धूळही बसते.

त्यांनी घमेल्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "राख सांडू नको खाली. मॅडम येऊन राहिल्या शुक्रवारी," आणि ऑफिसात गेले. रागावले नाहीत. मला वाटतं त्यांना माझी काळजी घेणं आवडलं.

१३ डिसेंबर

मॅडम आल्या. त्यांच्यासमोरचा थंडा स्टार्ट पास. काकांनी हात ठेवला तेव्हा मॅडमनीही ठेवला आणि मान हलवली. थर्मामीटर त्यांनी आणला होता, पण तो हॉटेलवर राहिला. मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं. का, ते कळलं नाही.

२१ डिसेंबर

शंभर झाले. एकही चुकला नाही. ट्रेलरला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. कागदावर काकांची सही झाली, हीटरच्या ओळीपुढे. सही करायच्या आधी त्यांनी हात पँटला पुसला. मग अड्याळच्या बसला मी त्यांना सोडायला गेलो. ते म्हणाले, "मंगेश, माह्या हाताखालून लय मशीना गेल्या. याच्यावानी नाही. तिकडे एवढी भट्टी, आन् तिच्यावर शेवटचा हात आपला."

बस गेल्यावर मी कितीतरी वेळ तिथेच उभा होतो. आज मी आनंदात आहे. हे लिहून ठेवतो, कारण मला असं फार वेळा लिहायला मिळत नाही.

१६ जानेवारी २०२५

केंद्रातून फोन आला. तिथल्या पहिल्याच चाचणीत मशीन सुरू झाली नाही. तीन वेळा बटण दाबलं. खोकली, पांढरा धूर सोडला आणि बसली.

चाचणीच होती, खरी वीज गेली नव्हती. हे मी स्वतःला दिवसभर सांगत होतो.

१८ जानेवारी

त्यांनी हीटर उघडला. आतली तार जळलेली नाही, तुटलेलीही नाही. ती जोडलेलीच नव्हती. हीटर बनला तेव्हापासून आतून मोकळा. एक दिवसही चालला नसेल, असं ते म्हणतात.

भाऊंनी सगळ्यांसमोर काकांना विचारलं, "मंग तुम्ही रोज काय कोमट कोमट करत होते?"

काका म्हणाले, "कोमट होती."

"बंद हीटरनं?"

"होती जी कोमट. मले लागत होती."

कोणीतरी मागून हळूच म्हणालं, "बुढ्याचा हात बी गेला." काकांनी ऐकलं. त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं, जसं आपण दुसऱ्याच्या वस्तूकडे पाहतो तसं.

मला वाटतं, प्रवासात धक्का बसून तार सुटली असेल. रस्ते खराब आहेत.

२० जानेवारी

काकांना काढलं. भाऊंनी केंद्राला कळवलं, तपासणाऱ्या मेकॅनिकच्या निष्काळजीपणामुळे झालं, त्याला कमी केलं आहे. हा मजकूर मीच लिहिला. निष्काळजीपणा हा शब्द आधी गाळून पाहिला. पण मालकाने सांगितलेलं लिहावं लागतं.

काका हिशेब घ्यायलाही थांबले नाहीत. हत्यारांची पेटी तिथेच ठेवून गेले.

२३ जानेवारी

आज जेवताना बाबांना सगळं सांगितलं. आईने भात वाढला, लाखोळीची भाजी वाढली. मी म्हणालो, हीटर बंद होता तर इंजिन रोज कोमट कसं लागत होतं, याचं उत्तर कोणाजवळच नाही.

बाबा घास थांबवून माझ्याकडे पाहायला लागले. "काहून? तू विस्तव ठेवत होता नं?"

आई म्हणाली, "जेवू द्या त्याले."

मी ताटावरून उठलो नाही. उठलो असतो तर आईला समजलं असतं. सगळा भात खाल्ला.

२४ जानेवारी

कामावर गेलो नाही. ताप आहे असं कळवलं. ताप नाही.

चाचणी यासाठीच होती. हीटर बंद असेल तर मशीन चुकावी, आणि ती इथेच चुकावी, आमच्या शेडमध्ये, जिथे चुकली तर फक्त भाऊ ओरडले असते. ती पहिल्या शनिवारी चुकलीही होती. ती सांगत होती. मी तिचं तोंड गोधडीने झाकलं.

आणि फक्त हीटरच नाही. गरम इंजिनाला फिरवायला बॅटरीला जोर कमी लागतो. बॅटरी कमजोर असेल तरी कळलं नसेल. डिझेलचा पंप? मी आणखी काय काय झाकलं ते मला माहीत नाही, भाऊंना माहीत नाही, मॅडमना माहीत नाही. शंभर वेळा पास झालेल्या त्या मशीनबद्दल कोणालाच काही माहीत नाही.

२७ जानेवारी

भाऊंना सांगितलं. त्यांनी उठून ऑफिसचं दार लावलं.

"कोनाकोनाले माहीत आहे?"

"चौकीदाराला, घरी बाबांना. आणि तुम्ही पाहिलं होतं भाऊ, घमेलं."

"मी काही पाहिलं नाही." ते बसले. आवाज चढवला नाही. "आयक, मंगेश. तू गरम केली म्हणजे थंडा स्टार्ट एक बी थंडा नव्हता. म्हणजे टेस्ट झालीच नाही. हे मी त्याईले लिहून देऊ? उद्या शटर खाली. इथं कामाले किती घरं आहेत, मोज जरा."

"पण काकांवर..."

"सुखरामचं वय झालंच होतं. साल-दोन साल, आन् मंग घरीच. तिकडे नवा हीटर बसला, मशीन चालू होऊन राहिली. आता तू कोनाचं भलं करून राहिला? सांग मले."

बाहेर आलो तर सगळे जेवत होते, एकाने मला आपल्या डब्यातली जवसाची चटणी दिली. मी ती खाल्ली.

३० जानेवारी

दुपारी रक्षा मॅडमना फोन केला. आधी दोनदा चुकीचा नंबर लागला. बोलायचं आधी पाठ केलं होतं. तरी सगळं उलटसुलट झालं, गोधडी आधी आली आणि हीटर नंतर.

त्या म्हणाल्या, "तुम्ही कोण म्हणालात?"

मी नाव सांगितलं. अहवाल लिहिणारा, असंही सांगितलं.

"तुम्हाला हे सुखरामजींनी सांगायला लावलं आहे का?"

"नाही मॅडम. त्यांना माहीतही नाही."

मग म्हणाल्या, "हे बघा, चौकशी बंद झाली आहे. असं काही असेल तर तुमच्या कंपनीकडून लेखी येऊ द्या. फोनवर मला काही करता येत नाही." मग जरा मऊ आवाजात, "तुम्हाला त्यांच्याबद्दल वाटतं, ते समजू शकते मी."

कंपनी म्हणजे कमलेशभाऊ.

४ फेब्रुवारी

दुसरी मशीन आली. तशीच पिवळी. केंद्राला आमचं काम बाकी सगळं आवडलं म्हणे, फक्त हीटर आता दुसऱ्याकडून घेतात. काकांच्या जागी मनिष नावाचा मुलगा आहे, मोबाइलवर गाणी लावून काम करतो. त्याच्याजवळ थर्मामीटर आहे.

संध्याकाळी भाऊ माझ्याजवळ उभे राहिले. मशीनकडे पाहत म्हणाले, "थंडी अजून आहे. काळजी घेजो."

मी मान हलवली. कसली काळजी, ते विचारलं नाही. उद्या मी विस्तव ठेवणार नाही. चुकली तर चुकू दे, असं लिहितो आहे.

५ फेब्रुवारी

ठेवला नाही. सुरू झाली. कोणालाच काही वाटलं नाही. मी शेडमागे जाऊन उलटी केली.

९ फेब्रुवारी, रविवार

अड्याळला जाऊन आलो.

काका अंगणात खाटेवर बसले होते. दाढी वाढली आहे. उजव्या तळहाताला फडकं बांधलेलं. मी विचारायच्या आत कौशल्याकाकू म्हणाल्या, "तव्यावर ठेवला. भाकरी करत होती मी, मांगून येऊन ठेवला. म्हने, पाहून राहिलो, समजते का नाही."

"समजलं," काका म्हणाले. "पन उशिरा."

मी खाली बसलो आणि सांगायला सुरुवात केली. बोडीवरच्या इंजिनापासून. चौकीदाराची शेकोटी, घमेलं, आजीची गोधडी, अंधारात निघायचो ते. तुमचा हात बरोबर होता काका, इंजिन खरंच कोमट होतं, मी केलं होतं.

काका ऐकत होते. मधूनच विचारत होते.

"विस्तव कुठं ठेवत होता?"

"तेलाच्या चेंबरखाली."

"धूर नाही झाला?"

"आधी बाहेर विझू द्यायचो. निखारेच आत न्यायचो."

"गोधडी कोनती? कोनत्या रंगाची?"

"निळी. लाल काठाची."

ते हसले. फार दिवसांनी कोणी हसतं तसं, आवाज आधी अडकला. काकूंकडे वळून म्हणाले, "आयकून राहिली का? रंग बी पाठ आहे त्याले. पोट्टा माह्यासाठी सोताच्या आंगावर घेऊन राहिला."

"खरं सांगतोय काका. देवाशपथ."

"मंगेश." त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "तीस साल इंजिनावर हात ठेवला मी. विस्तवाची ऊब अलग, ती खालून येते, धाप्पकन येते. हीटरची पान्यातून येते. माह्या हाताले दोन्ही एकच लागल्या असत्या का? मंग त हात गेलाच म्हन नं. तुही गोष्ट खरी मानली तरी गेला, आन् नाही मानली तरी गेला." मग म्हणाले, "पन कहानी चांगली बनवली बाप्पा. गोधडी मस्त हाय."

भाऊंनी ऐकलं आणि दार लावलं. मॅडमनी ऐकलं आणि कोणी पाठवलं ते विचारलं. ज्यांच्यासाठी बोललो त्यांना गोष्ट आवडली.

काकूंनी जेवायला वाढलं. काका माझ्या शेजारी बसून डाव्या हाताने जेवले. दोनदा भात घेतला. जेवताना पुन्हा एकदा, "चौकीदार काय म्हने मंग?" असं विचारलं. मी सांगितलं. ते मान हलवत राहिले.

निघालो तेव्हा काकू बसपर्यंत आल्या. पदराने डोळे पुसले आणि इकडेतिकडे पाहून हळू आवाजात बोलल्या.

"तू खोटं बोलला, पन बरं केलं बेटा. काढल्यापासून आज पोटभर जेवले ते. पुढच्या आयतवारी येशीन का? असंच सांगजो. घमेलं, गोधडी, सप्पा सगळं. पयल्यापासून सांगजो."

मी येतो म्हणालो.